आमच्या घरातल्या तसबिरीतले मूल नेमके कोण?

गिरगावची माहेरवाशीण (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या माहेरी, गिरगावात ठाकूरद्वाराजवळच्या जुन्या घराच्या माजघरात, एका लहान मुलाचे तैलचित्र निदान चार पिढ्यांपासून टांगलेले आहे. घराचा पुनर्विकास ठरल्यामुळे सामान हलवावे लागले आणि त्या निमित्ताने ही तसबीर, माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच, भिंतीवरून खाली उतरली. घरात सगळे तिला "आत्याबाईंची तसबीर" म्हणत आले आहेत. आत्याबाई म्हणजे माझ्या पणजोबांची थोरली बहीण. ती लहानपणीच तापाने गेली, यापलीकडे तिच्याविषयी कोणालाही काही सांगता येत नाही. तिचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

चित्रात तीन-चार वर्षांचे मूल उभे आहे. अंगात गुडघ्याखाली जाणारा गुलबक्षी रेशमाचा अंगरखा असून त्याच्या काठावर वेलबुट्टीचे भरतकाम आहे. डोक्यावर जरीची टोपी आहे आणि केस तिच्याखाली पूर्ण झाकलेले आहेत. मनगटांत बिंदल्या, पायांत वाळे, कमरेला सोन्याचा करगोटा, कपाळावर केशरी गंधाचा ठिपका आणि नाकात एका मोत्याची बारीक नथ आहे. मूल चित्राच्या मधोमध नसून पाहणाऱ्याच्या डावीकडे सरकलेले आहे. त्याच्या उजव्या हातात लाकडी चेंडू आहे. डावा हात मात्र चौकटीच्या कडेपर्यंत जातो आणि त्याची बोटे चौकटीआड नाहीशी होतात. चित्रकाराची सही कुठेही दिसत नाही.

गेल्या महिन्यात एक परिचित चित्र पाहून म्हणाले, "हा मुलगा कोण?" त्या एका प्रश्नाने मी अस्वस्थ झाले आहे. आयुष्यभर जिला आत्याबाई समजून दिवाळीत हळदकुंकू वाहिले, ती ही नव्हेच की काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी चौकट

ताई, सर्वप्रथम एक कळकळीची विनंती आहे. चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, आणि बटाट्याची फोड, लिंबू किंवा खोबरेल तेल यांपैकी कोणताही घरगुती उपाय कोणी सुचवला तरी करू नका. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या तैलचित्रांतले चेहरे काळाने खराब झाले नाहीत, ते अशा मायेच्या साफसफाईने पुसले गेले. चित्र उभेच ठेवा, त्याच्या मागे हवा खेळू द्या, आणि पावसाळा संपेपर्यंत ते प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका.

दुसरे असे, की चित्रातली व्यक्ती ओळखायची तर बहुतेक जण चेहऱ्याकडे पाहतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत नेमका चेहराच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा त्याच्याच पन्नाशीतल्या छायाचित्राशी जुळवणे म्हणजे आपल्याला जे पाहायचे असते तेच पाहणे होय. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी चित्राची पाठ, मग कपडे आणि दागिने, मग घरातले कागद, आणि चेहरा अगदी शेवटी. पाठीमागचे छायाचित्र, चित्राची इंचांतली मापे आणि लाकडी चौकटीचे तपशील द्याल का?

पागोटे

पाठीची छायाचित्रे येईपर्यंत पोशाखाविषयी लिहितो.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत प्रौढ पुरुषाची ओळख पटवणे त्या मानाने सोपे असते, कारण त्याच्या डोक्यावरचे पागोटेच त्याची जात आणि धंदा सांगते. पाठारे प्रभूंची पगडी वेगळी, ब्राह्मणांची वेगळी, भाटियांची वेगळी, पारशांची तर लांबूनही ओळखू येते. लहान मुलांच्या बाबतीत हा आधार नसतो. मुंज होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या अंगावरचे दागिने बरेचसे सारखेच असत, आणि अंगडे-टोपडे तर दोघांनाही सारखेच शोभे. बिंदल्या आणि वाळे ही बाळलेणी आहेत, त्यांवरून काहीच ठरत नाही. करगोट्याने पारडे थोडे मुलाकडे झुकते, पण थोडेच.

राहिली नथ. आपल्या घरच्यांनी हे मूल मुलगी ठरवले ते बहुधा नथीमुळे, आणि आजच्या डोळ्यांना ते स्वाभाविकच वाटते. परंतु ज्या घरात मुलगे जगत नसत तिथे नवसाने झालेल्या मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवण्याची चाल आपल्याकडे होती. दृष्ट लागू नये, मृत्यूला हा मुलगा आहे हे कळूच नये, अशी त्यामागची समजूत. मुलाचे नाव भिकू, केरू, धोंडू, दगडू असे मुद्दाम हलके ठेवणे हे त्याच भीतीचे दुसरे रूप होय. म्हणून नथ पाहून मी उलट विचारीन, की आपल्या पणजोबांच्या आधी त्या घरात किती मुलगे गेले होते?

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या बायका नथ डाव्या नाकपुडीत घालतात. आपण दिलेले छायाचित्र मोठे करून पाहिले तर या मुलाचा मोती त्याच्या उजव्या नाकपुडीत आहे.

ग्रँट रोड

वेगळी शक्यता मांडतो. गुडघ्याखाली जाणारा रेशमी झगा आणि काठावर वेलबुट्टीचे भरतकाम म्हटले की मला पारशी झबले आठवते. नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा विधी, होण्यापूर्वी पारशी मुलगे आणि मुली दोघेही झबले, खाली ईजार (पायजमा) आणि डोक्यावर जरीची टोपी घालत. हे भरतकाम चीनमधून येई, कारण कँटनशी चालणाऱ्या व्यापारात मुंबईचे पारशी आघाडीवर होते. त्यांच्यापैकी अनेकांनी तिकडच्या चित्रकारांकडून स्वतःची तैलचित्रे करवून घेतली. सर जमशेटजी जेजीभॉय यांचे चिनी सेवकासह काढलेले चित्र प्रसिद्ध आहे, ते मकावमध्ये राहणाऱ्या जॉर्ज चिनरीचे मानले जाते. कदाचित हे चित्र एखाद्या पारशी घरातून लिलावात किंवा चोरबाजारात आले असेल आणि आपल्या पूर्वजांनी ते शोभेसाठी घेतले असेल. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर अशी अनाम चित्रे आजही दिसतात.

पागोटे

शंका योग्य आहे, पण मला ती टिकेल असे वाटत नाही. चिनी रेशीम आणि भरतकाम मुंबईत ज्याला परवडे तो विकत घेई, ते एका समाजापुरते नव्हते. कपाळावरच्या टिळ्यावरूनही निर्णय होत नाही, कारण शुभप्रसंगी पारशीही कुंकवाचा टिळा लावतात. मात्र झबले घातलेल्या मुलाच्या पायांत ईजार दिसायला हवी, आणि या मुलाचे पाय पोटरीपासून उघडे असून त्यांत वाळे आहेत. अंगरखा छातीवर बंदांनी बांधलेला आहे. मला तरी हे हिंदू घरातले मूल वाटते.

कोलशेत

मोती उजव्या बाजूला असण्याचे साधे कारण असू शकेल. चित्र छायाचित्रावरून काढलेले असेल तर? डगेरोटाइप पद्धतीत धातूच्या पत्र्यावर उमटणारी प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. चित्रकाराने तशीच नक्कल केली असेल तर डावीकडची नथ उजवीकडे जाईल, आणि मग मूल मुलगी ठरण्यास काहीच अडचण नाही.

जुनी चौकट

तर्क उत्तम आहे, फक्त तो काळावर अवलंबून आहे. डगेरोटाइप १८३९ साली जाहीर झाले. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली, तोवर काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर प्रती काढण्याची रीत पुढे येत होती, आणि त्या रीतीत डावे-उजवे उलटत नाही. म्हणजे चित्र १८४० ते १८५५ च्या दरम्यानचे असेल तर आपले म्हणणे विचारात घ्यावे लागेल, १८६० नंतरचे असेल तर बहुधा नाही. सगळे पाठीवर येऊन ठेपते. ताई, आपण कुठे आहात?

गिरगावची माहेरवाशीण

उशिराबद्दल क्षमस्व, सामानाची हलवाहलव चालू होती. पाठीची छायाचित्रे खाली दिली आहेत.

मापे: चित्राची उंची ३० इंच आणि रुंदी १८ इंच आहे. मागची लाकडी चौकट सुताराच्या मते सागवानाची असून तिच्यावर कापड तारेच्या खिळ्यांनी ठोकलेले आहे. कापडावर मागच्या बाजूने इंग्रजी शिक्का आहे. तो पुसट असला तरी विन्सर अँड न्यूटन, लंडन, एवढे वाचता येते.

त्याशिवाय कापडाला चिकटवलेली एक कागदी चिठ्ठी आहे, जी मला वाटते मोडीत आहे. ती मागून पाहताना डाव्या बाजूला असून तिचा डावा भाग सागवानी पट्टीखाली गेला आहे. मला मोडी येत नाही, याचे आज फार वाईट वाटते, कारण माझ्या आजोबांना ती येत होती आणि त्यांनी आम्हांला शिकवायचा आग्रहही धरला होता.

मोडी वाचक

छायाचित्र स्वच्छ आहे, धन्यवाद. जे दिसते ते असे वाचतो. पहिल्या ओळीत "चि॥ बाबा". दुसऱ्या ओळीत "मुख नाम संवत्सरे". तिसरी ओळ फिकी आहे, तीत "वद्य" एवढेच खात्रीने सांगता येते.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मोडीत लिहिणारा आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. आपल्या चिठ्ठीवर तिन्ही शिरोरेषा डावीकडे थेट लाकडाखाली जातात. म्हणजे "चि॥" ही ओळीची सुरुवात नव्हे. तिच्या आधी काहीतरी आहे आणि ते पट्टीखाली दडले आहे.

दुसरी गोष्ट कालगणनेची. शकाचा आकडा दिसत नसला तरी संवत्सराच्या नावाचा शेवट "मुख" आहे. संवत्सरे म्हणजे पंचांगातली वर्षांची नावे, ती साठ असून दर साठ वर्षांनी पुन्हा येतात, आणि त्यांत या शेवटाची दोनच नावे आहेत, श्रीमुख आणि दुर्मुख. श्रीमुख हे सातवे आणि दुर्मुख हे तिसावे. एकोणिसाव्या शतकात श्रीमुख शके १७३५ आणि शके १७९५ या वर्षी आले, म्हणजे इ. स. १८१३-१४ आणि १८७३-७४. दुर्मुख शके १७५८ आणि शके १८१८ या वर्षी आले, म्हणजे १८३६-३७ आणि १८९६-९७. या चार वर्षांपैकीच एक वर्ष आपले आहे.

जुनी चौकट

मोडी वाचकांनी फार मोलाचे काम केले. आता शिक्का जोडून पाहू. विन्सर अँड न्यूटन ही रंगसाहित्याची पेढी १८३२ साली सुरू झाली, म्हणजे १८१३ बाद. अशा शिक्क्यांतले पत्ते आणि मजकूर वेळोवेळी बदलत गेले आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने १६५० ते १९५० या काळातल्या ब्रिटिश रंगविक्रेत्यांची सूची महाजालावर ठेवली आहे, ती जरूर चाळावी. मात्र शिक्का कापडाचे वय सांगतो, चित्राचे नव्हे, आणि चित्रातल्या व्यक्तीचे तर मुळीच नव्हे. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनचे बालपणीचे म्हणून तिच्या नात्यातल्या राइस घराण्याने जपलेल्या चित्राचा वाद याच मुद्द्यावर कितीतरी वर्षे चालला आहे. घराण्याची परंपरा एक सांगते, पाठीवरचा कापडविक्याचा शिक्का आणि मुलीच्या झग्याची धाटणी यांवरून आक्षेप घेणारे दुसरे सांगतात.

मला मात्र तारखेपेक्षा मापांनी जास्त चक्रावले आहे. इंग्लंडहून तयार येणारी कापडे ठरावीक मापांची असत. त्यांत व्यक्तिचित्रासाठी सर्वांत रुळलेले माप ३० इंच बाय २५ इंच हे होते. ३० बाय १८ असे माप मला तरी परिचयाचे नाही. शिवाय ही पेढी तयार कापड देई ते सहसा कोपऱ्यांत पाचरी असलेल्या हलक्या लाकडाच्या चौकटीवर ताणून. आपली चौकट सागवानाची, बिनपाचरीची आणि इथल्या सुताराने केलेली दिसते. म्हणजे हे कापड कधीतरी मूळ चौकटीवरून काढून दुसरीवर चढवलेले आहे.

कृपया एक माप घ्या. शिक्क्याच्या मध्यापासून मागून पाहताना उजवी कड किती इंचांवर आहे आणि डावी किती?

गिरगावची माहेरवाशीण

उजवी कड साडेबारा इंचांवर. डावी साडेपाच इंचांवर.

जुनी चौकट

साडेबाराची दुप्पट पंचवीस.

शिक्का नेहमी मध्यावरच मारत असे नाही, म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. पण बाकीच्या खुणा त्याच दिशेने बोट दाखवतात. उंची नेमकी ३० इंच आहे. मूल मधोमध नाही. त्याचा हात चौकटीबाहेर जातो. मोडीची ओळ अर्ध्यातून सुरू होते. आणि या सगळ्या खुणा एकाच बाजूच्या आहेत, कारण मागून जी डावी कड ती पुढून पाहणाऱ्याची उजवी कड, म्हणजे ज्या बाजूला मुलाची बोटे नाहीशी होतात तीच. माझ्या मते आपले चित्र मूळ चित्राचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आहे. उजवीकडचे जवळपास सात इंच कापले गेले आहेत.

शिवाजी पार्क

एक भाबडा प्रश्न. हे चित्र राजा रविवर्म्याचे असू शकेल का? चेहऱ्यावरचा प्रकाश फार सुंदर आहे.

जुनी चौकट

प्रकाश सुंदर आहे खरा. परंतु श्रीमुख संवत्सर म्हणजे १८७३-७४ असेल, तर त्या सुमारास रविवर्मा दक्षिणेत नावारूपाला येत होता. बडोद्याच्या दरबाराशी त्याचा संबंध पुढे १८८० नंतरचा आणि मुंबईतला छापखाना १८९४ सालचा. त्या काळी मुंबईत तैलचित्र काढणारे हात दुसरेही होते. जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झालेली होती, आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली शिकणारी मुले १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी जाऊ लागली होती. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. मी हे चित्र कोणाच्याही नावावर लावत नाही. सही नसलेल्या प्रत्येक चांगल्या चित्राला मोठे नाव चिकटवल्याने त्या काळच्या अनेक कसबी चित्रकारांवर अन्याय होतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

पागोटे

ताई, घरातल्या कागदांचे काय? पणजोबांची जन्मपत्रिका असेल तर तीत शक, संवत्सर, तिथी आणि आईवडिलांची नावे मिळतील. जुनी रोजकीर्द असेल तर तीत "तसबीर" हा शब्द शोधावा, कारण त्या काळी चित्राला तसबीरच म्हणत आणि चित्रकाराला दिलेला पैसा कीर्दीत चढल्याशिवाय राहत नसे. त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नामावळ मिळते.

गिरगावची माहेरवाशीण

ट्रंकेत पणजोबांची पत्रिका सापडली. शके १७९१, शुक्ल नाम संवत्सर, माघ महिना. म्हणजे १८७० सालच्या सुरुवातीचा जन्म. शके १७९५ मध्ये ते चौथ्या वर्षात होते. आणि माझ्या थोरल्या काकूंना विचारले तेव्हा त्यांनी सहज सांगितले, की पणजोबांना घरात "बाबा" हीच हाक होती. म्हातारपणीसुद्धा त्यांच्या आईने त्यांना याच नावाने हाक मारल्याचे त्यांनी सासूबाईंकडून ऐकले होते. कीर्दी मात्र वाळवीने खाल्ल्या.

म्हणजे चित्रातले मूल माझे पणजोबा आहेत. आनंद व्हायला हवा, आणि झालाही, पण त्याच क्षणी आत्याबाई आमच्या घरातून दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले. काल रात्री मी ते चित्र बराच वेळ पाहत बसले होते.

कोलशेत

१८७३ ठरल्यावर माझा डगेरोटाइपचा मुद्दा मी मागे घेतो. उजवी नाकपुडी चित्रकाराने पाहिली तशीच काढली असावी.

तरी आपण निराश होऊ नका. आपल्या घरच्या पाच पिढ्यांनी एका मुलाच्या चित्राला "आत्याबाईंची तसबीर" का म्हणावे, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. नथीमुळे गैरसमज झाला हे एक उत्तर. पण पणजोबा स्वतः त्याच घरात म्हातारे झाले, रोज त्या चित्राखालून गेले. त्यांनी तो गैरसमज दुरुस्त केला नसता का?

वाळकेश्वर

कोलशेत यांच्या प्रश्नाने मला एका चित्राची आठवण झाली. ते आपल्याकडचे नाही, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे आहे, परंतु त्याचा शोध इथे उपयोगी पडेल.

१८३७ च्या सुमारास फ्रे नावाच्या श्रीमंत कुटुंबाने आपल्या तीन मुलांचे चित्र काढवून घेतले. ते जाक आमांस या चित्रकाराचे मानले जाते. पुढे कित्येक वर्षे चित्रात तीनच मुले दिसत. मात्र मागच्या मोकळ्या आकाशात एका माणसाच्या आकाराची पुसट सावली जाणवे. चित्र १९७२ साली तिथल्या संग्रहालयाला मिळाले, अनेक वर्षे कोठारात राहिले आणि २००५ साली विकले गेले. नंतर त्याच्यावरचा थर उतरवला तेव्हा झाडाला टेकून उभा असलेला एक कृष्णवर्णीय मुलगा समोर आला, जो त्या कुटुंबाचा गुलाम होता आणि ज्याला विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास कोणीतरी रंगाने झाकून टाकले होते. खरेदीखते आणि इतर जुन्या नोंदी तपासून त्याचे नाव शोधले गेले, बेलिझेर. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते चित्र घेतले आणि आज त्या चित्राच्या नावातच त्याचे नाव आहे.

दोन्ही घटनांत साम्य आहे असे मी म्हणत नाही. तिथे एका माणसाला माणूस म्हणून मोजले गेले नव्हते आणि ती जखम वेगळी आहे. मी फक्त रीत सांगते. त्या शोधात विचारला गेलेला प्रश्न "चित्रात कोण आहे" एवढाच नव्हता, "चित्रात कोण होते" हाही होता.

जुनी चौकट

वाळकेश्वर यांनी माझ्या मनातले बोलून दाखवले. ताई, आता चित्र प्रशिक्षित जतनकाराकडे नेण्याची वेळ आली आहे. सागवानी पट्टीवरून कापड सोडवल्याशिवाय चिठ्ठीचा उरलेला भाग वाचता येणार नाही, आणि हे काम सुताराचे नव्हे. कडेला वळवलेल्या कापडावर रंग आहे का, हे त्यांना आवर्जून पाहायला सांगा. तयार कापडाची ठोकण्यासाठी वळवलेली कड चित्रकार सहसा रंगवत नाही. तीन बाजूंच्या कडा कोऱ्या आणि चौथी रंगवलेली असेल, तर चित्र कापले आहे याविषयी शंका उरणार नाही. अतिनील दिव्याखाली पाहण्याचीही विनंती करा. त्या प्रकाशात जुने वार्निश हिरवट चमकते आणि त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळा दिसतो.

गिरगावची माहेरवाशीण

सात आठवड्यांनी लिहीत आहे. चित्र काल घरी आले.

तीन बाजूंच्या कडा कोऱ्या निघाल्या. चौथ्या बाजूला, मागे वळवलेल्या इंचभर पट्टीवर रंग होता. कापड सपाट केल्यावर पणजोबांची झाकलेली बोटे दिसली, आणि ती बोटे दुसऱ्या एका हाताने धरलेली आहेत. तो हात लहान मुलीचा आहे. मनगटात हिरव्या बांगड्या आणि त्यांच्या अलीकडे सोन्याची पाटली आहे. मनगटापाशी कापड कात्रीने सरळ कापलेले आहे.

अतिनील दिव्याखाली खालच्या उजव्या कोपऱ्यात वितीएवढा काळा डाग दिसला. जतनकारांनी त्याचा अगदी छोटा भाग मोकळा करून पाहिला, तेव्हा तपकिरी रंगाखाली परकराचा जरीकाठ निघाला. पूर्ण कोपरा उघडायचा की नाही, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

चिठ्ठीचा पट्टीखालचा भागही सुटला. मोडी वाचकांना छायाचित्र आधी खासगी पाठवले होते, कारण मला एकटीला तो मजकूर पाहण्याचे धैर्य होत नव्हते. वाचन त्यांनीच द्यावे.

मोडी वाचक

पहिली ओळ आता अशी आहे: "बाई व चि॥ बाबा". दुसरी ओळ: "श्रीमुख नाम संवत्सरे". "बाई"च्या आधी कागद कापलेला आहे. शिरोरेषा कापाच्या काठापर्यंत अखंड आहे, म्हणजे तिचे नाव तिथे लिहिलेले होते.

पागोटे

तेव्हा घरची परंपरा खरीच होती. ती अर्ध्या चित्राविषयी नव्हती, पुऱ्या चित्राविषयी होती. बहीण गेल्यावर पणजोबांच्या आईवडिलांच्या घरात ही आत्याबाईंची तसबीर झाली असणार, आणि कापल्यानंतरही नाव तेच राहिले. पणजोबांनी ते दुरुस्त केले नाही, कारण त्यांच्या लेखी ते बरोबरच होते. त्यांना चित्रात आपला हात धरणारी बहीण आठवत असेल.

शिवाजी पार्क

पण कापले कोणी आणि का?

गिरगावची माहेरवाशीण

जतनकारांच्या मते कापाजवळच्या कापडावर ओलीचे डाग आहेत, त्यामुळे पावसाच्या गळतीने तो भाग कुजला असण्याची शक्यता आहे. काकूंना वाटते, की गेलेल्या मुलीचा चेहरा रोज समोर नको म्हणून तिच्या आईनेच तो काढायला लावला असेल. मी दोन्ही म्हणणी लिहून ठेवली आहेत आणि त्यांतले एक निवडण्याचा अधिकार मला आहे असे मानत नाही.

नाशिकच्या उपाध्यायांकडे जाऊन आले. नामावळीत पणजोबा आहेत, त्यांचे वडील आणि आजोबा आहेत, आणि पणजोबांच्या आधी लहानपणी गेलेल्या दोन मुलग्यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे नथीविषयी पागोटे यांनी जे विचारले होते त्याचे उत्तर मिळाले. मुलीचा उल्लेख नाही. लग्न होण्यापूर्वी गेलेली मुलगी ना माहेरच्या वंशावळीत येते ना सासरच्या. तिच्या नावातले "बाई" एवढेच या जगात शिल्लक आहे.

चित्राच्या मागे लावायची नवी चिठ्ठी मी देवनागरीत लिहिली आहे. तीत पणजोबांचे नाव, शके १७९५ हे वर्ष, आणि "सोबत त्यांची थोरली बहीण, जिचा फक्त हात उरला आहे" एवढे लिहिले. तसबिरीचे घरातले नाव बदललेले नाही.

शेवटी एक विनंती. चित्राचा कापलेला भाग फेकून दिला असेल, हे मी धरूनच चालले आहे. तरीही या धाग्याच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या माळ्यावर, किंवा चोरबाजारात एखाद्या दुकानाच्या मागच्या भिंतीला, तीस इंच उंच आणि सहा-सात इंच रुंद अशी तैलचित्राची पट्टी दिसली, तीत हिरव्या बांगड्या घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी असली आणि तिचा एक हात पट्टीच्या डाव्या कडेला मनगटापाशी तुटला असला, तर कृपया मला इथे कळवावे. त्या पट्टीच्या मागे मोडीत तिचे नाव लिहिलेले असेल.